बुबुळांमधलं अंतर

नोव्हाय, मिशिगन
१४ सप्टेंबर १९८५

प्रिय राजारामदादा,

सप्रेम जयभीम. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लागला, त्याबद्दल रागावू नकोस. या घरात सध्या रागवायचं काम माझ्याकडे आहे. रागात पत्र लिहायचं नाही असं ठरवून बसले होते, पण राग काही जाईना, म्हणून आता तसंच लिहिते.

उत्पलाला डाव्या डोळ्याने नीट दिसत नाही. इथे शाळेत पहिलीच्या सगळ्या मुलांचे डोळे तपासतात. एक डोळा झाकायचा आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायची. उजवा झाकला की आपली पोरगी गप्प. शाळेच्या नर्सबाईंनी मला फोन करून विचारलं, "तुम्ही घरी दुसरी भाषा बोलता का? तिला अजून अक्षरं येत नसतील." मी म्हटलं, "बाई, उजव्या डोळ्याने येतात आणि डाव्या डोळ्याने विसरते, अशी कुठली भाषा असते?"

मग डॉक्टरकडे गेलो. त्यांनी सांगितलं की डावा डोळा जन्मापासून कमजोर आहे आणि मेंदूने त्याच्याकडून काम घेणंच सोडून दिलंय. याला इथे लेझी आय म्हणतात. उपाय दोन. चष्मा दिवसभर लावायचा, आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी चिकटवायची, म्हणजे कमजोर डोळ्याला काम करावंच लागतं. हे सगळं आठव्या वर्षापर्यंत. त्यानंतर मेंदू ऐकत नाही, जेवढं सुधारलं तेवढंच राहतं. उत्पलाला जुलैमध्ये सहा पूर्ण झाली. म्हणजे आमच्या हातात दोन वर्षंसुद्धा पुरती नाहीत.

आता रागाचं कारण ऐक. मोहनच्या कंपनीचा डोळ्यांचा वेगळा इन्शुरन्स आहे, त्याचे पैसे दर महिन्याला पगारातून कापतात. त्यामुळे मी ऐटीत दुकानात गेले. भिंतभर फ्रेमी. उत्पलाने निळी उचलली. दुकानातली मुलगी गोड हसून म्हणाली, "ही तुमच्या प्लॅनमध्ये नाही," आणि तिने काउंटरखालचा खण ओढला. त्यात आठ-दहा तपकिरी फ्रेमी होत्या, रिटायर झालेल्या माणसांनी काढून ठेवल्यासारख्या. बरं, त्यातली एक घेतली. तर प्लॅनमध्ये बसते काच. लहान मुलाला काच धोक्याची, प्लास्टिक पाहिजे, त्याचे वेगळे. नंबर जास्त, त्याचे वेगळे. ओरखडे पडू नयेत, त्याचे वेगळे. शेवटी माझ्या पर्समधून शंभरच्या वर डॉलर गेले आणि इन्शुरन्सने पस्तीस दिले. हे पस्तीस देण्यासाठी ते वर्षभर आमच्याकडून किती कापतात याचा हिशोब मोहनने मांडला आणि मला दाखवलाच नाही.

असो. पुढच्या वर्षी डिसेंबरअखेर आम्ही तिघं येतोय, दोन महिने. हे नक्की समज. आईला नात अजून फोटोतच माहीत आहे. आईला आणि सरलावहिनीला जयभीम, तुझ्या लेकीला, संध्याला, पापा.

तुझी
संघमित्रा

•

नागपूर
३ ऑक्टोबर १९८५

चि. संघमित्रा,

जयभीम आणि आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. आईचा पहिला प्रश्न, "कोणाची नजर लागली पोट्टीले?" मी म्हटलं, "आई, आपण बौद्ध. नजरबिजर आपण मानत नाही." त्यावर ती म्हणते, "मी कुठं मानतो? मी फक्त इचारून रायली." वरून दिवसभर घुश्श्यात.

आळशी डोळा हे नाव मला मुळीच पसंत पडलेलं नाही. आपल्या घराण्यात दुसरे दोष पुष्कळ असतील, पण हा नाही. बाबा मिलमध्ये तीस वर्षं राबले. तेव्हा डॉक्टरला सांग की दुसरं नाव शोधा.

पण तुमच्या त्या इन्शुरन्सचं मला खरंच कोडं पडलंय. मी शाळामास्तर आहे, चाळीस पोरांना व्याजाची गणितं शिकवतो. दर महिन्याला पैसे द्यायचे, आणि वेळ आली की दुकानदाराने खण उघडून दाखवायचा! इथे बर्डीच्या बाजारात माझ्या ओळखीचा चष्मेवाला आहे. नंबर दिला की तिसऱ्या दिवशी चष्मा तयार. तुझ्या त्या एका चष्म्याच्या पैशात आमच्या अख्ख्या गल्लीला चष्मे लागतील, ज्यांना गरज नाही त्यांनासुद्धा. पुढच्या वेळी डॉक्टरचा कागद सरळ मला पाठव. येणारं-जाणारं कोणीतरी असतंच. आपली माणसं लोणची नेतात, भाजणी नेतात, चष्मा न्यायला काय जड आहे?

पट्टी रोज लावत जा. पोरगी रडली तरी विरघळू नकोस. मोहनरावांना जयभीम.

तुझा
राजाराम

•

नोव्हाय
९ मार्च १९८६

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम. आधी चांगली बातमी. पट्टीचा गुण आला! सप्टेंबरात डाव्या डोळ्याने तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरच काय ते दिसायचं. परवा उत्पला वरून पाचव्या ओळीपर्यंत आली. डॉक्टरांनी तिच्याशी हात मिळवला, आणि मी तिथेच खुर्चीत बसून रडले. थंडीत रोज सकाळी ती पट्टी चिकटवायची, संध्याकाळी पापणीचे केस ओढत काढायची, शाळेत पोरांनी "पायरेट, पायरेट" म्हणायचं. पण पोरीने निभावलं.

आता पुढचं. डोळा सुधारला म्हणून नंबर बदलला, म्हणून नवा चष्मा लगेच पाहिजे. मी चष्म्याच्या इन्शुरन्सला फोन केला. ते म्हणाले, चष्मा दोन वर्षांतून एकदाच मिळतो, तुमचा पुढचा सप्टेंबर सत्त्याऐंशीत. तेव्हा ती आठ वर्षांची होऊन गेलेली असेल! मी म्हटलं, अहो, ही हौस नाही, उपचार आहेत. "उपचार आहेत तर मेडिकल इन्शुरन्सला विचारा." मेडिकलला फोन केला. "चष्मा म्हणजे व्हिजन, तो आमच्याकडे नाही." परत पहिल्यांना केला. "लेझी आय हा आजार आहे, तो व्हिजनमध्ये येत नाही." आठवडाभर माझी अशी टोलवाटोलवी चालली होती. बँकेतला माझा जेवणाचा सगळा वेळ फोनवर गेला. शेवटी मी म्हटलं, तुम्ही दोघं एकदा एकमेकांशी बोला आणि उत्पलाचा डोळा नक्की कोणाचा ते ठरवा. तर तशी सोय नाही म्हणे.

मोहन म्हणतो, "यार, सोड ना. आपण पैसे भरून टाकू." पण त्याच्या कंपनीत माणसं काढायचं चाललंय, दर शुक्रवारी कोणीतरी खोकं घेऊन बाहेर पडतं. माझी नोकरी अर्धवेळ, तिला कसलाच इन्शुरन्स नाही. आणि तिकिटांचे जे बाजूला टाकतोय त्याला मला हात लावायचा नाही.

म्हणून तुझंच म्हणणं ऐकते. डॉक्टरचा नंबराचा कागद सोबत आहे. मोहनच्या ऑफिसातले चंद्रशेखर भावाच्या लग्नाला नागपूरला येतायत, मेच्या सुरुवातीला परततील. जमलं तर निळी फ्रेम घे.

तुझी
संघमित्रा

•

नागपूर
२४ एप्रिल १९८६

चि. संघमित्रा,

जयभीम. चंद्रशेखर यांच्या हाती चष्मा देतोय, सोबत आईने केलेल्या कुरडया. कुरडया मोडल्या तर चालेल, चष्मा हातातल्या बॅगेत ठेवा असं त्यांना दोनदा बजावलं.

निळी फ्रेम तीन दुकानं हिंडून मिळवली. काचा हलक्या, प्लास्टिकच्या, मुंबईहून मागवल्या. तो चष्मेवाला फार चिकित्सा करत होता. "मुलगी कुठे आहे? तिला पाहिल्याशिवाय कसा करू?" मी म्हटलं, "मुलगी अमेरिकेत आहे. तू कामाला लाग, बाकीचं मी बघतो." आणि बघितलं. कोणाचं काही अडलं नाही.

पैशाचं नाव काढलंस तर पुढचं पत्र न फोडता परत पाठवीन. मामाने भाचीला दिलंय. माझी छाती सध्या दोन इंच फुगलेली आहे. अमेरिकेच्या दोन-दोन इन्शुरन्स कंपन्यांना जे जमलं नाही ते बर्डीवर झालं, हे मी शाळेत सगळ्यांना सांगितलं. हेडमास्तरांनासुद्धा.

तुझा
राजाराम

•

नोव्हाय
१८ मे १९८६

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम. चष्मा काल पोचला, चंद्रशेखर स्वतः घरी आणून देऊन गेले. निळा रंग अगदी सुरेख, आणि चष्मा छान बसला. तू किती धावपळ केलीस ते त्यांनी सांगितलं. मला भरून आलं.

उत्पला थोडी कुरकुरतेय, पण नव्या नंबराचं तसंच असतं. आठ दिवसांत डोळा बसेल. कुरडया एकही मोडली नाही.

तुझी
संघमित्रा

•

नागपूर
१२ जून १९८६

चि. संघमित्रा,

तुझं पत्र वाचून घरात आनंदीआनंद झाला. छान बसला म्हणतेस ना? मग ऐक. पोरांचा चष्मा आज ना उद्या फुटायचाच, म्हणून मी तस्साच दुसरा करून घेतला आणि काल रजिस्टर पोस्टाने रवाना केला. तोच नंबर, तेच माप, फक्त फ्रेम लाल.

माझी कीर्ती इकडे फार वाढलीय. शाळेतल्या एका मास्तरचा मेहुणा न्यू जर्सीत असतो, त्याचाही नंबर माझ्याकडे आलाय. चष्मेवाला आता मला चहा पाजतो. सरला म्हणते, मास्तरकी सोडा आणि हाच धंदा करा.

पोरीचा चष्म्यातला फोटो पाठव. मागे एकदा लिहिलं होतं, तू विसरलीस. आई रोज विचारते.

तुझा
राजाराम

•

नोव्हाय
२१ सप्टेंबर १९८६

दादा,

जयभीम. तुझी मधली दोन पत्रं आली. फोटो का पाठवत नाही असं विचारलं होतंस. प्रत्येक फोटोत उत्पलाने एक डोळा मिटलाय, म्हणून पाठवले नाहीत. ऊन डोळ्यांवर येत असेल असं मला वाटलं. घरातल्या फोटोंमध्येसुद्धा.

तो चष्मा चुकीचा आहे. दोन्ही चष्मे चुकीचे आहेत.

पहिल्या दिवशीच तिने सांगितलं होतं, "आई, इट मेक्स टू ऑफ यू." मी म्हटलं, आठ दिवसांत बसेल. मोहन म्हणाला आठ दिवसांत बसेल. चंद्रशेखर म्हणाले, माझाही नंबर बसायला आठ दिवस लागले होते. तू एवढा खर्च केलास, तीन दुकानं हिंडलास, तो माणूस अर्ध्या जगावरून चष्मा खिशात घालून आला आणि आमच्या सोफ्यावर चहा पीत बसला होता. त्याच्यासमोर मी काय म्हणणार होते, नको? मी रोज तिला दटावून चष्मा लावला. जूनमध्ये तिने एकदा तो काढून अंगणात टाकला, तेव्हा मी तिला चापट मारली. दादा, मी हात उगारला तिच्यावर. त्यानंतर तिने तक्रार करणं सोडलं, आणि मी इकडे तिकडे सांगत सुटले की बघा, बसला शेवटी डोळा.

तिने काय शोधून काढलं होतं ते मला आता कळतंय. माझ्यासमोर चष्मा लावायचा आणि डावा डोळा मिटून घ्यायचा, म्हणजे सगळं एक-एकच दिसतं. ज्या डोळ्याला कामाला लावण्यासाठी वर्षभर पट्टी लावली, तोच तिने रजेवर पाठवला. शाळेत तर चष्मा डेस्कमध्येच असायचा, परत येताना बसमध्ये नाकावर. पालकांच्या सभेत तिच्या बाईंनी (शाळेत उत्पलाची पॉला झालीय) मला विचारलं, "पॉलाला चष्मा फक्त घरी लावायचा असतो का?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं. उन्हाळ्यातली भेट पैसे वाचवायला मीच पुढे ढकलली होती, तेही बोलून टाकते. पाच ओळींपर्यंत आली होती ना? आता दोन. डॉक्टरांनी फुटपट्टी घेतली, आधी तिच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजलं आणि मग चष्म्याच्या दोन काचांच्या मध्यांमधलं. सात मिलिमीटरचा फरक! नंबर बरोबर आहे, पण काचांचे मध्य तिच्या डोळ्यांसमोर नाहीतच. नंबर एवढा मोठा असला की तेवढ्यानेसुद्धा एकाचे दोन दिसतात. ती पोर खरं बोलत होती. घरात ती एकटीच खरं बोलत होती.

मग मी त्या पहिल्या दुकानात गेले. म्हटलं, गेल्या वर्षी तुम्ही हे माप घेतलं असणार, नंबराच्या कागदावर ते का नव्हतं? त्यांनी कार्ड काढलं, आकडा होता. मला दाखवेनात. नंबर डॉक्टर देतो, माप आम्ही घेतो, चष्मा आमच्याकडे केला तरच ते तुमचं. माझ्या पोरीच्या डोळ्यांमधलं अंतर, दादा, आणि ते दुकानाच्या मालकीचं! मी इतकी ओरडले की मॅनेजर बाहेर आला.

डॉक्टरांनी मला विचारलं, चष्मा केला त्यांनी माप कोणाचं घेतलं? आता तू सांग. कोणाचं घेतलं?

संघमित्रा

•

नागपूर
९ ऑक्टोबर १९८६

चि. संघमित्रा,

माप संध्याचं घेतलं.

चष्मेवाल्याने अंतर विचारलं. तू पाठवलेल्या कागदावर ते नव्हतं. पत्र लिहून तुझं उत्तर यायला महिना, आणि चंद्रशेखर निघणार होते तीन आठवड्यांत. संध्या घरात होती. तूच मागच्या वर्षी फोटो पाठवून लिहिलं होतंस की दोघी सख्ख्या बहिणी दिसतात, तेच कपाळ, तेच नाक. मी तिला सायकलवर बसवून दुकानात नेलं. ती तीन वर्षांनी मोठी आहे हे मला कळत होतं. पण डोळे कुठे सरकतात, असं मला वाटलं. तसे ते सरकतात हे मला आज कळलं. मी मास्तर आहे, डॉक्टर नाही.

आणि एक विचारू? तुझं १८ मेचं पत्र माझ्यासमोर आहे. "चष्मा छान बसला." हे माझं वाक्य आहे का? पोरगी पहिल्या दिवशी सांगते की दोन-दोन दिसतात, आणि तू मला लिहितेस छान बसला? तू तेव्हाच दोन ओळी खऱ्या लिहिल्या असत्यास तर मी त्याच मापाचा दुसरा पाठवला असता का? चार महिने मी छाती फुगवून हिंडलो, ते काय म्हणून? मान राखायचा तर परक्याचा राखावा. भावाचा मान राखायला पोरीचा डोळा पणाला लावतात का?

आणि तुमच्या त्या देशात एवढे शहाणे लोक आहेत, त्यांना फुटपट्टी धरून एक आकडा कागदावर लिहिता येत नाही? सगळं काय बर्डीवरच्या माणसाने ओळखायचं? तुझी सगळी पत्रं मी आईला वाचून दाखवतो. चापटीच्या ओळीवर अडखळलो. ती म्हणाली, पुढं वाच. सगळं ऐकलं आणि उठून आत गेली. सरला माझ्याशी चार दिवस बोललेली नाही. न्यू जर्सीच्या त्या मेहुण्याचा चष्मा मी दुकानातून परत घेतला.

जे व्हायचं ते झालं. पुढे काय करायचं ते लिही, आणि या वेळी खरं लिही.

राजाराम

•

नोव्हाय
५ नोव्हेंबर १९८६

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र वाचून आधी चिडले, मग दोन दिवसांनी परत वाचलं. तू म्हणतोस ते खरं आहे. तू चुकलास, मी तुझ्यापेक्षा जास्त चुकले. दोन इन्शुरन्सवाले आणि ते दुकान, यांचं मात्र कुठेच काही चुकलेलं नाही. त्यांच्याकडे सगळं लेखी आहे.

खरं लिही म्हणालास, म्हणून लिहिते. मोहनची नोकरी ऑक्टोबरअखेर गेली. काळजी करू नकोस, दुसरी मिळाली आहे, डिसेंबरपासून. पण नव्या कंपनीचा इन्शुरन्स सुरू व्हायला तीन महिने थांबावं लागतं, आणि आधीपासून असलेल्या आजाराला ते काही देत नाहीत. मी त्या बाईला विचारलं, "पोरीने तुमच्याकडे येऊन मग आजारी पडायला हवं होतं का?" ती म्हणाली, "आय ॲम सॉरी, मॅम." या देशात सॉरी तेवढं फुकट मिळतं.

डॉक्टर म्हणतात, अजून वेळ गेलेली नाही, पण हाताशी फार नाही. जुलैत ती आठ वर्षांची होईल. आता पट्टी अर्धा दिवस नाही, शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत आणि सुट्टीत पूर्ण दिवस. योग्य मापाचा चष्मा ताबडतोब, वसंतात पुन्हा दुसरा. आणि दर तीन आठवड्यांनी त्यांनी तिला तपासायचं. हे सगळं आता आमच्या खिशातून.

दादा, इथून पुढचं आईला वाचून दाखवू नकोस.

आमच्याकडे बाजूला काढलेले पैसे आहेत ते फक्त तिकिटांचे. ते पंधरा डिसेंबरपर्यंत एजंटला भरायचे आहेत. मी डॉक्टरांना विचारलं, जानेवारी-फेब्रुवारी आम्ही भारतात गेलो तर? ते म्हणाले, "तुमचा निर्णय. पण दोन महिने मी तिला पाहिलं नाही तर पुढचं मी काही सांगू शकत नाही." मोहन म्हणतो, "कॅन्सल करू. यात विचार काय करायचा?" त्याला विचार करावा लागत नाही, कारण त्याची आई दोन वर्षांपूर्वी येऊन राहून गेली. मी माझ्या आईला सात वर्षं पाहिलेलं नाही. ती आता पंचाहत्तरीला आली. मी तिला दर पत्रात येतोय, येतोय लिहिलं. उत्पला तिच्यासाठी मराठी अक्षरं काढायला शिकतेय.

मी एकटी येऊ असंही मनात आलं. पण एका तिकिटाचे पैसे म्हणजे डॉक्टरच्या सगळ्या भेटी. आणि मी एकटी दारात उभी राहिले तर आई माझ्या मागे पाहील.

कधी वाटतं, जावं सरळ. दोन महिन्यांनी असं काय होणार आहे? पट्टी तिथेही लावता येते. मग रात्री उत्पलाचा डोळा पाहते आणि हिंमत होत नाही. मला ठरवता येत नाही, दादा. तू सांगशील ते करेन. आणि यायचं नाही असं ठरलं तर आईला काहीतरी कारण सांग. नव्या नोकरीत मोहनला रजा मिळाली नाही, असं सांग. डोळ्याचं नाव काढू नकोस, म्हणजे माझ्यामुळे अडलं असं त्या पोरीच्या वाट्याला कधी यायला नको.

तुझी
संघमित्रा

•

नागपूर
२१ नोव्हेंबर १९८६

चि. संघमित्रा,

जयभीम आणि आशीर्वाद. आधी माझा गाढवपणा सांगतो. तुझं पाकीट दुपारी आलं. आई ओसरीवर बसलीच होती, शेजारच्या दोघीही होत्या. अमेरिकेचं पत्र म्हटलं की मी उभा राहून, शाळेत धडा वाचावा तसा मोठ्याने वाचतो, हे तुला माहीत आहे. आधी मनात वाचून बघायची सवय मला नाही. त्यामुळे "इथून पुढचं आईला वाचून दाखवू नकोस" हेसुद्धा मी खणखणीत आवाजात वाचलं. वाचल्यावर कळलं.

शेजारणी उठून गेल्या. मी पत्र घडी करायला लागलो. आई म्हणाली, "पुढं वाच."

मी म्हटलं, "आई, तिने लिहिलंय..."

"काय लिवलं ते ऐकलं मी. वाच."

वाचलं. दुसरा इलाज नव्हता. संपल्यावर तिने मला तीन गोष्टी विचारल्या. टिकिटाचे पैसे अजून भरले तर नाही ना? तो डॉक्टर भला माणूस आहे का? आणि या खेपेला चष्मा पोट्टीच्याच डोळ्यांवरून बनवते ना? मी तिन्हींची उत्तरं दिली, तुझ्या वतीने. शेवटचं देताना मान वर करवेना.

मग ती म्हणाली, "मंग इचारते कायले? ते सात वर्साची झाली, मी पंचाहत्तरची. कोणाच्या डोळ्याची घाई हाय?"

तिला वाईट वाटलं नाही असं मी लिहिणार नाही. तूच खरं लिहायला लागलीस, तर मी कशाला खोटं लिहू? तुम्ही येणार म्हणून तिने मागची खोली सारवून घेतली होती आणि एक लहानशी बाज विणून ठेवली होती. संध्याकाळी ती बाज तिने संध्याला दिली. जेवली मात्र नीट. मी इथून काही पैसे पाठवावेत म्हणून बँकेत जाऊन आलो, पण रुपये तिकडे पाठवायला सरकारची परवानगी लागते आणि मामाने भाचीच्या चष्म्यासाठी पाठवणं त्यांच्या कुठल्याच नियमात बसत नाही. तिथला कारकूनही सॉरी म्हणाला.

तेव्हा तिकिटं काढू नकोस. रजेबिजेचं कारण आता कोणाला सांगायची गरज उरली नाही. उद्याच दुकानात जा, पोरीला समोर बसव, तिचं माप घेऊ दे, आणि चष्मा लावल्यावर ती काय म्हणते ते तिलाच विचार.

एवढं लिहून झाल्यावर मी आईला विचारलं, तुझ्याकडून काय लिहू? ती म्हणाली, लिही, मले पोट्टी नाही दिसली तरी चालते, पोट्टीले दिसलं पाहिजे.

लिहिल्यावर तिने मला ते वाचून दाखवायला लावलं. बरोबर आहे म्हणाली, आणि पत्र आजच टाकून ये म्हणून मला बाहेर काढलं.

तुझा
राजाराम